नागपूरचें पाणी : विहीर, तळें आणि नळ

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत देवळाच्या इमारतीचा, घंटेचा, शाळेचा आणि ज्या धर्मगुरूंनीं व भगिनींनीं हें सर्व उभारिलें त्यांचा इतिहास येतो. तो यावा हें योग्यच आहे. परंतु ज्या वस्तीनें देऊळ भरून गेलें ती वस्ती इतकीं वर्षें कोणत्या पाण्यावर जगली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. वास्तविक पाण्यावांचून भिंतीचा चुना कालवतां येत नाहीं, शाळेंतील मुलांची तहान भागत नाहीं, आणि बाप्तिस्म्याच्या कुंडांतील पाणी देखील कोणी तरी कोठून तरी भरून आणिलेलेंच असतें. म्हणून ह्या स्मरणिकेचीं चार पानें नागपूरच्या पाण्याच्या हकीकतीस द्यावीं असें वाटलें.

हा विषय निवडण्यास आणखीही एक कारण आहे. हल्लीं सदर-छावणीपासून रेल्वेच्या वसाहतींपर्यंत कोणत्याही घरीं चहाला बसलें तरी पाण्याविषयीं बोलणें निघाल्यावांचून राहत नाहीं. कोणाची डाळ शिजत नाहीं, कोणाच्या भांड्यांवर पांढरे डाग पडतात, कोणाचे केस राठ होतात; आणि शेवटीं पाणी पूर्वींसारखें राहिलें नाहीं ह्यावर सर्वांचें एकमत होतें. ह्या तक्रारींत दोन निरनिराळे प्रश्न एकत्र झालेले असतात. पाणी जड आहे कीं हलकें, हा एक. पाणी निर्दोष आहे कीं रोगट, हा दुसरा. पहिल्याचा निकाल जीभ, साबण आणि डाळीचें पातेलें देतें. दुसऱ्याचा निकाल ह्यांपैकीं कोणालाच देतां येत नाहीं. आपल्या शहराच्या पाण्याचा इतिहास म्हणजे बव्हंशीं हे दोन प्रश्न वेगळे ओळखावयास शिकण्याचा इतिहास आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

आरंभ भूमीपासून करावयास पाहिजे. नागपूर हें दोन प्रकारच्या भूमींच्या सांध्यावर वसलेलें शहर आहे. सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स, तेलंगखेडी हा पश्चिमेकडील सारा भाग काळ्या अग्निजन्य खडकाचा आहे. पूर्वेकडे गेलें म्हणजे हा खडक संपतो आणि त्याहून फार जुने स्फटिकमय खडक लागतात. उत्तरेस कामठीकडे वालुकाश्म आहे. काळा खडक सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्ह्याच्या थरांवर थर सांचून झाला. दोन थरांच्या मधल्या काळांत ठिकठिकाणीं तळीं सांचलीं, त्यांत गोगलगाई वाढल्या, त्यांचे शंख गाळांत गाडले गेले, आणि वरून पुन्हां लाव्हा वाहिला. ह्या मधल्या थरांचा नागपुरांत प्रथम नीट अभ्यास केला तो रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप ह्या स्कॉटिश मिशनऱ्यानें. १८४५ मध्यें ते येथें आले. शाळा चालवितां चालवितां त्यांनीं टाकळीच्या परिसरांतील जीवाश्म गोळा केले, आणि रॉबर्ट हंटर ह्या सहकाऱ्यासह लिहिलेला त्यांचा निबंध १८५५ मध्यें लंडन येथील भूगर्भशास्त्रज्ञांच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. ते आपल्या पंथाचे नव्हते; तथापि नागपूरच्या भूमीची ओळख ज्यानें जगास करून दिली त्याचें स्मरण आपण आदरानें करावें हेंच उचित. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाटाजवळ ओढा ओलांडतांना ते पाण्यांत बुडाले. हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नांवानें चालतें.

ह्या खडकांतच आपल्या डाळीच्या तक्रारीचें मूळ आहे. आकाशांतून पडणारें पावसाचें पाणी जवळजवळ निर्भेळ असतें. परंतु हवेंतून, आणि त्याहूनही अधिक मातींतून, तें कार्बन डायऑक्साइड वायु घेतें व किंचित् आम्ल होतें. असें पाणी काळ्या मातींतील चुनखडीच्या खड्यांमधून आणि खडकाच्या भेगांतून झिरपूं लागलें म्हणजे कॅल्शियम व मॅग्नेशियम ह्यांचे क्षार विरघळवून घेतें. भूमीच्या पोटांतील मुक्काम जितका लांब, तितकें पाणी जड. ह्यालाच शाळेच्या पुस्तकांत दुष्फेन पाणी म्हणतात, कारण त्यांत साबणाचा फेस येत नाहीं. साबण ह्या क्षारांशीं मिळून न विरघळणारा साका बनतो, आणि क्षार संपेपर्यंत साबण फुकट जातो. डाळीच्या दाण्यांस धरून ठेवणारें जें द्रव्य शिजतांना विरघळावयास पाहिजे तें कॅल्शियमच्या संगतीनें उलट घट्ट होतें. म्हणून विहिरीच्या पाण्यांत डाळ तासभर उकळूनही दाणा अखंड राहतो, आणि गृहिणी चिमूटभर सोडा टाकते. जुन्या घरांतील तांब्याचा बंब ज्यांनीं साफ केला असेल त्यांना आंतील पांढरा, दगडासारखा थर ठाऊक आहे. पाणी तापलें म्हणजे विरघळलेला वायु निघून जातो आणि त्याच्या आधारानें विरघळून राहिलेला चुना पुन्हां दगड होऊन बसतो. उकळल्यानें जातो त्या जडपणास तात्पुरता म्हणतात. जो उकळूनही राहतो तो कायमचा.

आपल्या पूर्वजांस हें रसायन ठाऊक नव्हतें, पण त्याचे परिणाम पक्के ठाऊक होते. कोणत्या विहिरीचें पाणी स्वयंपाकाचें आणि कोणत्या विहिरीचें केवळ वापरावयाचें, हें प्रत्येक मोहल्ल्यांतील बायकांना पाठ असे. मचूळ, खारट, जड, गोडें अशीं पाण्याचीं नांवेंच ह्या ज्ञानाचीं कोष्टकें होत. केस धुण्यास रिठे व शिकेकाई वापरीत, कारण रिठ्याचा फेस जड पाण्यांतही येतो. गढूळ पाण्याच्या मडक्यास आंतून निवळीचें बीं घांसलें म्हणजे गाळ खालीं बसे. तुरटीनेंही तेंच साधे. ह्या सर्व युक्त्यांनीं पाणी डोळ्यांस स्वच्छ व जिभेस गोड होई. त्यांतील अदृश्य रोगबीजांस मात्र ह्यांचा फारसा धक्का लागत नसे.

आतां शहराकडे वळूं. देवगडच्या गोंड घराण्यांतील बख्त बुलंद शहानें अठराव्या शतकाच्या आरंभीं बारा लहान वाड्यांच्या जागीं हें शहर वसविलें. त्याच्या मागून आलेल्या चांद सुलतानानें नाग नदीचे ओहोळ वळवून जुम्मा तलाव बांधविला. हाच शुक्रवारी तलाव, आणि आजचा गांधीसागर. १७४३ मध्यें रघूजी भोंसल्यांची सत्ता येथें स्थिर झाली. गोंड व भोंसले यांच्या काळांतील तळ्यांचीं नांवें अजून आपल्या तोंडीं आहेत : सक्करदरा, सोनेगांव, नाईक तलाव, लेंडी तलाव, तेलंगखेडी, अंबाझरी. त्यांपैकीं कांहीं आतां इतकीं आक्रसलीं आहेत कीं नांवावरूनच तेथें तळें होतें हें समजावें. श्रीमंतांच्या वाड्यांत स्वतःची विहीर असे; इतरांस सार्वजनिक विहीर, किंवा मसकेंतून पाणी घालणारा भिश्ती. आणि विहिरीस जसा मालक असे तशी जातही असे. ज्यांना विहिरीच्या थारोळ्याबाहेर घागर ठेवून कोणाच्या दयेची वाट पाहावी लागे, त्यांच्या दृष्टीनें पाणी जड कीं हलकें हा प्रश्न फार पुढचा होता. महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजीं ओंजळभर पाण्यासाठीं सत्याग्रह करावा लागला, ही गोष्ट पाण्याच्या कोणत्याही इतिहासांत विसरतां येणार नाहीं.

१८५४ मध्यें नागपूरचें राज्य खालसा झालें, १८६१ मध्यें मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झाली, १८६४ मध्यें म्युनिसिपालिटी स्थापन झाली आणि १८६७ मध्यें मुंबईहून आगगाडी आली. वस्ती वाढली, कचेऱ्या वाढल्या, आणि विहिरी पुरेनाशा झाल्या. अशा वेळीं १८६८ मध्यें सार्वजनिक बांधकाम खात्यांत नोकरीस आलेला अलेक्झांडर रिचर्डसन बिनी हा इंजिनियर नागपूरच्या कामावर नेमला गेला. शहराच्या पश्चिमेस, नाग नदीच्या उगमाकडे, अंबाझरीचें जुनें तळें होतें. त्याचा विस्तार करून तेथून नळांनीं शहरास पाणी देण्याची योजना १८७० नंतरच्या दोन-चार वर्षांत पार पडली. आपला नागपूर धर्मप्रांत १८८७ मध्यें स्थापन झाला. म्हणजे पहिले बिशप अॅलेक्सिस रिकाझ यांची नेमणूक झाली त्याच्या आधींच येथें नळ आलेला होता.

बिनीचें नांव केवळ बांधामुळें राहिलें नाहीं. तळें किती मोठें करावें हें ठरविण्यासाठीं पडलेल्या पावसापैकीं किती पाणी वाहून तळ्यांत येतें हें कळावयास पाहिजे. बिनीनें तें मोजलें. मृगाच्या आरंभीं तापून भेगाळलेली काळी माती पडेल तो पाऊस पिऊन टाकते, आणि तळ्यांत जवळजवळ कांहींच येत नाहीं. श्रावणांत तीच माती तृप्त झाली म्हणजे तेवढ्याच पावसांतून पुष्कळ अधिक पाणी वाहतें. म्हणून केवळ वर्षाचा एकूण पाऊस पाहून हिशोब करणारा फसतो. हीं निरीक्षणें, तळ्यावरून उन्हानें उडून जाणाऱ्या पाण्याच्या मोजणीसह, त्यानें लंडनच्या इंजिनियरांच्या संस्थेपुढें १८७४-७५ मध्यें मांडलीं. आणि बिनीचीं कोष्टकें हिंदुस्थानांतील इंजिनियरी विद्यालयांतून पिढ्यान् पिढ्या शिकविलीं गेलीं. पुढें तो ब्रॅडफर्डचा व नंतर लंडन कौंटी कौन्सिलचा मुख्य इंजिनियर झाला, टेम्स नदीखालील ब्लॅकवॉलचा बोगदा त्याच्या कारकीर्दींत पुरा झाला, आणि १८९७ मध्यें त्यास सर ही पदवी मिळाली. अंबाझरीच्या बांधावर संध्याकाळीं फिरावयास जाणाऱ्या किती लोकांस हें ठाऊक असेल?

अंबाझरीचें पाणी येतांच घराघरांत एक गुपचूप क्रांति झाली. तळ्याचें पाणी बहुतांशीं जमिनीवरून वाहून आलेलें. भूमीच्या पोटांत त्याचा मुक्काम थोडा. म्हणून तें विहिरीच्या पाण्यापेक्षां स्वभावतःच हलकें. डाळ लवकर शिजूं लागली, साबण कमी लागूं लागला, बंबाचा थर पातळ झाला. हा लाभ गृहिणींस होता तसाच कारखान्यांसही होता. १८७७ च्या पहिल्या दिवशीं जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. रेल्वेचीं इंजिनें तर रात्रंदिवस पाणी पीत. बॉयलरांत जड पाणी घातलें म्हणजे चुन्याचें कवच चढतें, आंच लोखंडांतून पाण्यास पोंचत नाहीं, कोळसा अधिक जळतो, आणि नळी तापून फुटण्याचा धोका उत्पन्न होतो. आपल्या समाजांतील पुष्कळ कुटुंबांचे आजे-पणजे रेल्वेंत फायरमन, ड्रायव्हर किंवा फिटर होते. बॉयलर धुण्याचे दिवस त्यांच्या पंचांगांत पक्के लिहिलेले असत.

पाण्याचा जडपणा मोजण्याची रीतही ह्याच शतकांतली. अॅबर्डीनचा प्राध्यापक थॉमस क्लार्क ह्यानें बाटलींत पाणी घेऊन त्यांत मापून साबणाचें द्रावण थेंबथेंब घालावें, बाटली हलवावी, आणि टिकाऊ फेस येईपर्यंत किती साबण लागला तें पाहावें अशी रीत घालून दिली. चुन्याची निवळी घालून पाण्यांतील चुना काढावयाची युक्तिही त्याचीच. तिचें पेटंट १८४१ चें. चुन्यानें चुना काढावयाचा हें ऐकून नवल वाटतें. पण निवळी विरघळलेल्या वायूस धरते आणि वायूचा आधार सुटतांच सर्व चुना खालीं बसतो. हल्लीं ही मोजणी दुसऱ्या, अधिक अचूक रसायनानें करितात, आणि एका लिटरांत किती मिलिग्रॅम ह्या मापानें सांगतात. साधारणतः ७५ पर्यंत हलकें, १५० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत जड आणि त्यापुढें अति जड असें मानितात. भारतीय मानकानें २०१२ च्या आवृत्तींत पिण्याच्या पाण्यास २०० ची मर्यादा इष्ट ठरविली आहे, आणि दुसरें पाणी उपलब्धच नसेल तर ६०० पर्यंत सवलत दिली आहे. येथें लक्षांत ठेवावयाचें तें हें कीं, जागतिक आरोग्य संघटनेनें जडपणासाठीं आरोग्याच्या कारणानें कोणतीही मर्यादा घातलेली नाहीं. जड पाणी साबणाचें, डाळीचें व बॉयलरचें शत्रु आहे; मनुष्याचा शत्रु दुसराच आहे.

तो शत्रु कोण हें १८५४ मध्यें लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपानें दाखवून दिलें. त्या मोहल्ल्यांत पटकीनें माणसें मरूं लागलीं तेव्हां डॉक्टर जॉन स्नो ह्यांनीं मृतांचीं घरें एक एक करून तपासलीं आणि सर्वांचा धागा त्या एका पंपापाशीं पोंचतो हें सिद्ध केलें. ह्या कथेंतील एक गोष्ट आपल्या विषयाशीं विशेष संबद्ध आहे. त्या पंपाचें पाणी चवीस उत्तम म्हणून प्रसिद्ध होतें. पूर्वीं त्या भागांत राहिलेली एक विधवा दूर हॅम्पस्टेडला राहावयास गेल्यावरही केवळ चवीच्या आवडीनें तें पाणी रोज मागवीत असे. तीही पटकीनें गेली. रॉबर्ट कॉख ह्यांनीं १८८४ मध्यें कलकत्त्यास पटकीच्या जंतूंचा माग पुरा केला. त्यानंतरच्या दशकांत आग्र्याचे हँकिन ह्यांनीं विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा उपाय पुढें आणिला. हेंच तें विहिरींतलें लाल औषध. पुढें १९०५ पासून इंग्लंडांत आणि १९०८ पासून अमेरिकेंत शहरांच्या पाण्यास नियमित क्लोरिन देण्यास आरंभ झाला, आणि ती पद्धत जगभर पसरली. क्लोरिनच्या वासाविषयीं तक्रार करणाऱ्यानें हा इतिहास आठवावा. नळाच्या टोकाशीं किंचित् वास येणें हें पहारेकरी जागा असल्याचें चिन्ह आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं नागपूरची लोकसंख्या सव्वा लाखांहून थोडी अधिक होती. अंबाझरी पुरेना, म्हणून १९११-१२ च्या सुमारास पिळी नदीच्या माथ्यावर गोरेवाड्याचें तळें बांधलें. तेंही पुरेना, तेव्हां १९४० च्या सुमारास कन्हान नदीवरून पाणी आणण्यांत आलें. कामठीच्या छावणीनें १८२१ पासून जिचा कांठ धरिला होता तीच ही नदी. तेव्हांपासून शहरांत दोन प्रकारचें नळाचें पाणी झालें, एक तळ्याचें व एक नदीचें. नदीचें पाणी वर्षभर एकसारखें राहत नाहीं. श्रावणांत तें गढूळ पण हलकें असतें, कारण तें पावसाचेंच ताजें पाणी. वैशाखांत तें आरशासारखें स्वच्छ पण जड असतें, कारण त्या दिवसांत नदीस जें पाणी मिळतें तें कांठच्या भूमींतून झिरपलेलें असतें. तळ्यांतही उन्हानें पाणी उडून जातें, क्षार मागें राहतात, आणि मे महिन्यांत तेंच पाणी अधिक जड लागतें. म्हणून एकाच शहरांतील दोन नातलग आपापल्या पाण्याविषयीं वेगळें बोलूं लागले तर दोघेही खरें बोलत असण्याचा संभव असतो. आणि एकच गृहिणी ऑगस्टांत व मे महिन्यांत वेगळें बोलली तर तीही चुकत नाहीं.

उंचसखल शहरांत पाणी पोंचविण्यास उंचावर टाक्या लागतात, आणि त्या कामीं पश्चिमेकडील त्याच काळ्या खडकाच्या टेकड्या उपयोगीं पडल्या. ज्या सेमिनरी हिल्सला आपल्या सेंट चार्ल्स सेमिनरीवरून नांव पडलें, ती त्यांपैकींच एक. ज्या खडकानें विहिरीचें पाणी जड केलें, त्याच खडकानें नळाचें पाणी उचलून धरिलें.

स्वातंत्र्यानंतर नागपुराकडे पाण्याच्या विद्येचें एक मोठें केंद्र आलें. १९५८ मध्यें येथें केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ मध्यें तिचें नांव बदलून ती नीरी झाली. अशा विद्येची गरज किती होती हें त्याच्या थोडेंच आधीं दिल्लीनें अनुभविलें होतें. १९५५ च्या अखेरीस दिल्लीच्या नाल्याचें घाण पाणी यमुनेंत पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत मागें सरकलें. पाणी गाळलें गेलें, क्लोरिनही दिला गेला, दिसावयास तें नेहमींसारखेंच होतें. तरी दोन महिन्यांच्या आंत सुमारें २९,००० लोकांस कावीळ झाली. त्यांतील एकाही घरांत डाळ न शिजल्याची तक्रार आली नसेल.

पुढचा टप्पा पेंचचा. तोतलाडोह व नवेगांव-खैरी येथील जलाशयांचें पाणी १९८० नंतर टप्प्याटप्प्यानें नागपुरास येऊं लागलें. उजव्या कालव्यानें महादुल्यापर्यंत, आणि तेथून पंपानें गोरेवाड्यास. २०११ च्या जनगणनेंत शहराची वस्ती २४ लाखांवर गेली होती. तिचा मुख्य भार पेंचनें उचलला. अंबाझरी पिण्याच्या कामांतून बाजूस पडली. परंतु पाणी जितकें दुरून येतें तितके त्याचे भागीदार वाढतात. पेंचवर शेतकऱ्यांचाही हक्क आहे, आणि नदी मध्यप्रदेशांतून येते म्हणून त्या राज्याचाही. २०१९ च्या जुलैंत पाऊस लांबला, जलाशय तळास गेले, आणि शहरास एक दिवसाआड पाणी घेण्याची पाळी आली. कन्हानच्या खोऱ्यालाही स्वतःचीं दुखणीं आहेत; २०२२ च्या जुलैंत कोराडीच्या बाजूस राखेच्या तलावाचा बांध फुटून राख नाल्यांत व नदींत शिरली.

नळ आल्यावर आपण विहिरींस काय केलें, हा ह्या इतिहासांतील लाजिरवाणा भाग आहे. त्यांवर जाळ्या घातल्या, निर्माल्य टाकलें, मातीनें बुजविल्या, किंवा शेजारीं शौचकूप खणून त्यांत नायट्रेट झिरपूं दिलें. मग उन्हाळ्यांत नळ कमी पडला म्हणजे त्याच भूमींत दोनशे-तीनशे फूट छिद्र पाडून बोअरचें पाणी काढूं लागलों. हें पाणी विहिरीच्या पाण्याहूनही अधिक काळ खडकाच्या पोटांत राहिलेलें, साहजिकच जड. बहुमजली घरांतून नळाचें व बोअरचें पाणी एकाच टाकींत मिसळतें, आणि चौथ्या मजल्यावरील गृहिणी पातेल्यावरचा पांढरा डाग पाहून नळास बोल लावते. पुष्कळ ठिकाणीं दोष नळाचा नसतो, टाकीचा असतो. आणि टाकी आपलीच असते. धुण्याच्या नव्या पुडींचा फेस जड पाण्यांतही येत असल्यामुळें आजींना साबणावरून जें क्षणांत कळे तें नातींना कळेनासें झालें आहे, हाही एक विपर्यास.

ह्या असमाधानावर बाजारानें एक यंत्र विकावयास आणिलें. आर. ओ. ह्या नांवाचें हें यंत्र फार बारीक पडद्यांतून पाणी दाबून क्षार बाहेर काढतें. जेथें पाणी खरोखर खारें आहे, किंवा चंद्रपूर-यवतमाळकडील कांहीं गांवांप्रमाणें त्यांत फ्लोराइड मर्यादेबाहेर आहे, तेथें तें उपकारक आहे. परंतु एक घागर गोडें पाणी देतांना तें बहुधा एकाहून अधिक घागरी मोरींत सोडतें. २०१९ च्या मे महिन्यांत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें, जेथें विरघळलेले एकूण क्षार लिटरामागें ५०० मिलिग्रॅमपेक्षां कमी आहेत तेथें अशा यंत्रांस मनाई करावी असे निर्देश सरकारास दिले, ते ह्याच कारणानें. एका दिवसाआड पाणी येणाऱ्या शहरांत तळ्याचें हलकें पाणी गाळण्यासाठीं निम्म्याहून अधिक पाणी मोरींत घालवावें, ह्यापेक्षां मोठी उधळपट्टी कोणती?

खरा धोका असतो तो जमिनीखालीं. नळ चोवीस तास भरलेला असला म्हणजे आंतील दाबामुळें बाहेरची घाण आंत येऊं शकत नाहीं. नळ रिकामा झाला म्हणजे फुटक्या सांध्यांतून शेजारच्या गटाराचें पाणी आंत ओढलें जातें; आणि एखाद्यानें नळास थेट पंप लाविला तर तो शेजाऱ्याचें पाणी तर ओढतोच, त्याबरोबर गटारही ओढतो. म्हणूनच नागपुरानें अखंड पाण्याचा प्रयोग प्रथम धरमपेठ भागांत केला, आणि २०१२ पासून साऱ्या शहराच्या वितरणाचें काम पंचवीस वर्षांच्या करारानें ऑरेंज सिटी वॉटर ह्या कंपनीकडे सोंपविलें. ह्या व्यवस्थेच्या गुणदोषांविषयीं शहरांत पुष्कळ वाद झाले. तथापि मूळ तत्त्वाविषयीं वाद असूं नये. अखंड भरलेला नळ ही चैन नाहीं. तें आरोग्याचें कवच आहे.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे जुन्या अंबाझरीनें शहरास स्वतःची आठवण करून दिली. कांहीं तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, तळें सांडव्यावरून उसळलें, आणि नाग नदीच्या कांठच्या वस्त्यांत पाणी शिरून जीवितहानि झाली. तृप्त झालेल्या भूमीवरून पाऊस किती वेगानें तळ्यांत येतो, हें बिनीनें दीडशें वर्षांपूर्वीं ह्याच ठिकाणीं मोजून ठेविलें होतें. नदीचें पात्र आकसून त्यावर आपण घरें बांधलीं तेव्हां तें कोष्टक कोणी उघडून पाहिलें नाहीं.

ह्या सर्वांतून आपल्या वस्तीनें काय घ्यावें? पाणी जड लागलें म्हणून घाबरूं नये; हलकें व गोड लागलें म्हणून निर्धास्त राहूं नये. नळाचें व बोअरचें पाणी एका टाकींत मिसळूं नये. बोअरचें धुण्यास व झाडांस, नळाचें पिण्यास. टाकी वर्षांतून दोनदां धुवावी. पावसाळ्याच्या आरंभीं पिण्याचें पाणी उकळावें, आणि पाण्यास रंग किंवा वास आला तर त्याच दिवशीं महानगरपालिकेस कळवावें. नळास पंप लावूं नये. जिवंत असलेली एखादी जुनी विहीर आवारांत असेल तर ती बुजविण्यापूर्वीं तिचें पाणी प्रयोगशाळेंत तपासून घ्यावें आणि छपरावरचें पावसाचें पाणी गाळून तिच्यांत सोडावें. पावसाचें पाणी हलकें असतें, दोन-चार पावसाळ्यांत जुन्या विहिरीचाही स्वभाव निवळूं शकतो.

आणि शेवटीं एक गोष्ट. ज्या घरीं नळ आहे तेथेंच पाण्याच्या चवीचा वाद होतो. शहराच्या कडेच्या वस्त्यांत अजून टँकरची वाट पाहणाऱ्या बायका आहेत. त्यांच्या हंड्यांत पडेल तें पाणी त्यांना हलकेंच लागतें. याकोबाच्या विहिरीवर भर दुपारीं एकट्या आलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा आपण दरवर्षीं ऐकतों. भर दुपारीं पाण्यास एकटें यावें लागणें म्हणजे काय, हें त्या बायकांस समजावून सांगावें लागत नाहीं. ज्युबिलीच्या वर्षांत देवळाला रंग लागेल, आवारांत दिवे लागतील. त्याबरोबर फाटकापाशीं येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठीं, कोणाचेंही नांव न विचारतां पाणी देणारा, रोज तपासलेला आणि स्वच्छ ठेविलेला एक नळ आपण सुरू करूं शकलों, तर येथील पाण्याच्या इतिहासांत आपल्या धर्मग्रामाचीही एक ओळ लिहिली जाईल.